येव नको

आमच्या घरात सगळ्यांची पक्की समजूत आहे की मला मोबाईल येत नाही. ही समजूत खोटी आहे. ती खोटी आहे हे इतकी वर्षं एकाच माणसाला ठाऊक होतं — मला. आता तुम्हाला.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? म्हाताऱ्या बाईला मोबाईल येतो की नाही, यात लपवण्यासारखं काय आहे? थांबा जरा. मी बोलायला लागले की आडवळणाने जाते, असं आमचे हे नेहमी म्हणायचे. पण यातलं एकही वळण गाळून मला तिथवर पोचता यायचं नाही. पोचायचंय खरं, आणि पाय मागे ओढतायत.

आधी रागाचं सांगते. रविवारच्या पुरवणीत अधूनमधून काहीतरी छापून येतं — जुन्या पिढीला नवी यंत्रं झेपत नाहीत, त्यांच्याशी प्रेमाने वागा, त्यांना समजून घ्या. समजून घ्या! वाचलं की माझ्या कानशिलांशी तडतडतं. अरे, ज्या बाईने चुलीवर, वातीच्या स्टोव्हवर, मग गॅसवर रांधलं, पाट्यावर वाटलं नि मग मिक्सर खोलून त्याचं पातं स्वतः बदललं, तिला बारा बटणं झेपत नाहीत? कोणी ठरवलं? विचारलं का कोणी? विचारलं नाही. हसले फक्त. आणि मीही हसले — हा माझा पहिला मूर्खपणा.

मी नाटे गावची. बंदरावरचं गाव, घरात माणसं बारा आणि पुस्तक एकही नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मी सामानाच्या पुड्या वाचून शिकले. डाळ डब्यात ओतायची नि कागद सरळ करून वाचायचा. अर्धीच बातमी असायची, उरलेली मनाने पुरी करायची. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा ह्यांना नवल वाटलं की ही सगळा पेपर वाचते. हे कचेरीत हेडक्लार्क. अक्षर मोत्यासारखं, भाषा धुतल्या तांदळासारखी. मी म्हणायची "इकडं येव नको, लादी ओली हाय." हे म्हणायचे, "येव नव्हे, येऊ. येऊ नकोस." पस्तीस वर्षं येऊ नि येव. पाहुण्यांसमोरसुद्धा. मी पुष्कळ शिकले त्यांच्याकडून, आता लिहितेय ते त्यातूनच. पण ओठावर आलेला शब्द आधी तपासायचा नि मग सोडायचा, हे रोज करून बघा एकदा.

ह्यांची स्वतःची जीभ मात्र एकदाच घसरलेली मी ऐकली. वाटणीच्या वेळी. कातळावरच्या आंब्याच्या कलमांवरून धाकट्या दिरांशी वाजलं, आणि हे अंगणात उभे राहून ओरडले — "माझ्या दारात परत येव नको!" शुद्ध भाषा गेली कुठच्या कुठे, गावची बोली बाहेर आली. आमची सुजाता दहा वर्षांची होती, दाराआड माझ्या पदराला धरून उभी. त्यानंतर सख्ख्या भावाचं तोंड ह्यांनी पाहिलं नाही. शेवटपर्यंत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुजूचं लग्न अठ्ठ्याण्णव साली झालं. नाशिकला दिली. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. पत्रं यायची, निळी आंतरदेशीय पत्रं, दर पंधरा दिवसांनी. आणि ती यायची माझ्या नावाने. "ती. आईस" असं वर लिहिलेलं. मी दुपारी मागच्या पायरीवर बसून एकदा वाचायची, मग सावकाश परत वाचायची. कडेच्या समासातही ती उभं लिहायची, जागा पुरायची नाही पोरीला. रात्री जेवताना हे विचारायचे, "काय म्हणते?" मी म्हणायची, "बरी आहे म्हणते." मला वाटेल तेवढंच सांगायची. उत्तर मी लिहायची, हे खाली एक ओळ आशीर्वाद लिहून सही करायचे. कचेरीतल्या कागदावर करावी तशी. पाच वर्षं लेकीच्या नि घराच्या मधला दरवाजा माझ्या हातात होता. तो किती आवडायचा मला, हे तो गेल्यावर कळलं.

गेला कसा? सोपं आहे. २००३ च्या दिवाळीत आमचा अजय ठाण्याहून आला आणि दोन मोबाईल घेऊन आला. एक बाबांना, एक सुजूताईला. मी फराळाचं ताट पुढे ठेवता ठेवता म्हटलं, "आणि आईला रे?"

"आई, तुला नाही जमायचं," तो म्हणाला. "तू लाल बटण दाबून बसशील नि म्हणशील, फोन मेला."

सगळे हसले. सून हसली, हे हसले. सुजूही हसली, दिवाळीला आली होती ती. मी सगळ्यांहून मोठ्याने हसले. वाईट मुलगा नाही हो तो, अजूनही रविवारी फोन करतो. पण त्याला हे बोलायला एक क्षणही विचार करावा लागला नाही, तेच खुपलं. मिक्सर बदलला, गॅसची शेगडी बदलली तेव्हा कोणी विचारलं होतं का आईला जमेल का म्हणून? तिथे जमायलाच हवं होतं. पण ज्याच्यात माणसं बोलतात ते यंत्र आलं — ते मात्र बाबांच्या खिशात.

आणि ह्यांनी ते खिशात असं घातलं की सदऱ्याबरोबरच शिवून आलं असावं. वर चामड्याचं पाकीट. आंघोळीला जाताना सदरा खुंटीला, मोबाईल सदऱ्यात. "टुंग" वाजलं की हे पडवीत जाऊन उजेडात हात लांब करून धरायचे, ओठ हलवत वाचायचे, मग खिशात.

"सुजूचं?"

"हं."

"काय म्हणते?"

"बरी आहे म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच गं. मेसेज आहे तो, कादंबरी नाही."

पत्रं थांबली. महिन्याभरात थांबली. कशाला लिहील? बोटाने दोन ओळी केल्या की पोचतंय बाबांना. मी पोस्टमनची वाट बघायची सवय मोडू शकत नव्हते. मंगळवारी दुपारी उगाच मागच्या पायरीवर जाऊन बसायची. माझ्या लेकीचा एक शब्द मला हवा तर तो नवऱ्याच्या खिशातून, त्याला हवा तेव्हा, त्याला हवा तेवढा. आतून पेटले होते मी. वरून आमटी वाढत होते.

मग मी शिकले.

कोणी शिकवलं नाही. कपडे धुवायच्या साबणाच्या वेष्टनावर एका बाजूला मराठी नाव असतं, दुसऱ्या बाजूला तेच इंग्रजीत. मी धुण्याच्या दगडावर दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवल्या आणि बसले ताडून बघत. हा आवाज ह्या अक्षराचा, तो त्या. मग चहाचा पुडा. मग ह्यांच्या गोळ्यांची पाकिटं. ओल्या बोटाने लादीवर अक्षर काढायचं, वाळून जाईपर्यंत बघायचं. तीन-चार महिन्यांत सगळी अक्षरं आली. आणि मेसेज तर मराठीच असतात की, फक्त कपडे इंग्रजी! ते ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटी हसले. खरीखुरी.

हे तोवर रिटायर झालेले, दुपारी जेवण झालं की दोन ते चार झोपायचे. सदरा खुंटीला. मी मोबाईल काढायची, ओट्याशी उभी राहायची. दोनवर ए, बी, सी. एकदा दाबलं की ए, दोनदा बी, तीनदा सी. काहीबाही लिहायची, पुसायची, परत जसाच्या तसा खिशात. आणि सुजूचे जुने मेसेज वाचायची. "बाबा जेवलात का." "बाबा औषध घ्या." आणि बऱ्याचदा शेवटी — "आईला सांगा मी ठीक." "आईला विचारा आंबोळीचं प्रमाण."

आंबोळीचं प्रमाण! मला कोणी विचारलंच नव्हतं! ह्यांनी परस्पर लिहून टाकलं असणार काहीतरी, ज्यांना तांदूळ किती नि उडीद किती हे जन्मात ठाऊक नव्हतं.

तेव्हाच का नाही सांगितलं मी, की मला येतं? त्याचंही कारण आहे, आणि ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. मला सगळ्यांची जिरवायची होती. येत्या दिवाळीत, सगळे जमले की, ह्यांच्या हातातून मोबाईल घेऊन सुजूला समोरासमोर मेसेज पाठवायचा. काय लिहायचं तेही ठरवलं होतं. "सुजू, मी आई." एवढंच. तोवर एकही मेसेज पाठवायचा नाही, फक्त लिहायचा नि पुसायचा. माझा पहिला मेसेज तो असणार होता.

नाही झाला तो.

मे महिना होता, २००४. आमसुलांचे दिवस. मागच्या अंगणात रातांब्यांची रास, मी सकाळपासून फोडत होते. साली वेगळ्या, बिया वेगळ्या, रस वेगळा, आणि साली परत परत त्या रसात बुडवून उन्हात. हात मनगटापर्यंत लालभडक. तो रंग आठवडाभर जात नाही नखांतून. हे आत झोपलेले. आणि खुंटीवर "टुंग".

मी हात कसेबसे पुसले नि काढला. सुजूचाच.

"बाबा, मी घरी राहायला येऊ का? आईला सांगू नका."

अक्षर अक्षर लावून वाचलं. शेवटचं वाक्य आधी नीट लागेना, मग लागलं. आईला — सांगू — नका.

आता तुम्हाला काय सांगू? मला रडू आलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. धडधडलं, काळजी वाटली — तेही खोटं. मला संताप आला. इतका की डोळ्यांपुढे मोबाईलचा तो हिरवा उजेड हलायला लागला. नऊ महिने वागवली ती मी, पत्रांच्या कडा वाचल्या त्या मी, आणि विचारायचं बापाला? ज्याने तुझ्या पत्राखाली सहीपलीकडे एक अक्षर लिहिलं नाही त्याला? त्याच्या हातात यंत्र आहे म्हणून? आणि वर मला सांगायचं नाही! मी कोण? परकी?

आणि मी लिहिलं. ह्यांच्या मोबाईलवरून, ह्यांच्या नावाने. दोन शब्द.

येव नको.

पाठवलं.

माझा पहिला मेसेज.

मी आत-बाहेर होत होते, मोबाईल हातातच होता. फार वेळ नाही गेला. "टुंग". तिचं उत्तर आलं. "बरं बाबा."

तिचा पहिला पुसला, माझा पुसला, तिचं उत्तर पुसलं. पुसायला तर मी फारच छान शिकले होते. मोबाईल खिशात गेला आणि मी परत रातांब्यांशी जाऊन बसले.

बरं वाटलं मला. हे लिहायला सगळ्यांत जड जातंय, पण मला त्या दुपारी बरं वाटलं. तासभर तरी.

चारला हे उठले, चहा घेतला, मोबाईल काढला. आठच्या बटणावर लाल डाग.

"हे काय? तू हात लावलास?"

"सदरा बाजूला घेतला हो. धुवायचा म्हणून."

"त्याला हात लावत जाऊ नकोस, किती वेळा सांगितलं. तुला कळत नाही, भलतंच काही दाबशील."

रुमालाने डाग पुसला त्यांनी. नीट, कोपऱ्याने.

आता तुम्ही म्हणाल, बाईला माहीत नव्हतं. रागात लिहिलं, पोरीवर काय बेतलंय ते कुठे ठाऊक होतं तिला! असं म्हणू नका. हीच ती जागा आहे जिथे मला यायचं होतं नि येववत नव्हतं.

मला माहीत होतं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एक पत्र आलं होतं. निळं, नेहमीसारखं. त्यात समासात, उभ्या ओळीत, बारीक अक्षरात — "आई, हे कधी कधी हात टाकतात. बाबांना सांगू नकोस, त्यांना त्रास होईल." मी ते पायरीवर बसून वाचलं. परत वाचलं. रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, बरी आहे म्हणते. आणि दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं. जुळवून घे, असं लिहिलं. पुरुषांना राग येतो, आपण गप्प बसावं, मूल झालं की सगळं ठीक होतं, असं लिहिलं. चांगल्या अक्षरात. खाली ह्यांनी आशीर्वाद लिहिला, वरचं न वाचता. नंतर आणखी दोनदा तिने तसंच लिहिलं, आणि दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. चौथ्यांदा तिने लिहिलं नाही. मला वाटलं — किंवा मी वाटून घेतलं — की थांबलं असेल.

मग सांगा, "आईला सांगू नका" हे तिने का लिहिलं? मला मोबाईल येत नाही म्हणून? मोबाईल नव्हता तेव्हा तिने मलाच आधी सांगितलं होतं, आणि मी काय केलं ते तिने पाहिलं होतं. मी त्या यंत्रावर जळत बसले सहा महिने, की त्याने माझी लेक नेली. यंत्र बिचारं खिशात पडलेलं. त्या घरात सासू-सासरे, नणंद, भिंतींना कान, आणि आवाज न करता बोलायची एकच वाट तिच्याकडे होती. त्या वाटेने ती बापापर्यंत आली. दारात मी उभी होते.

तिने "यायला" लिहिलं नव्हतं हो. "राहायला" लिहिलं होतं. लग्न झालेली मुलगी राहायला येऊ का विचारते म्हणजे काय, हे कुठल्या बाईला समजावून सांगावं लागतं? मला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. महिन्याने आलं असतं. मोबाईल तिथेच होता, मला लिहिता येत होतं, "सुजू ये" एवढं लिहायला काय लागतं? पण लिहिलं तर कळणार होतं की आधीचं कोणी लिहिलं. म्हणून मी मोबाईलकडे बघणंच सोडलं. त्या वर्षीच्या दिवाळीला अजयने चेष्टा केली, "काय आई, शिकलीस का?" मी म्हटलं, "मला नाही बाबा जमायचं." किती सोयीचं वाक्य आहे बघा ते! ज्याचा मला एवढा राग, त्याच्याच मागे जाऊन बसले मी. अजून बसलेय.

सुजू त्या दिवाळीला आली नाही. त्यापुढच्याही नाही. ह्यांना मेसेज यायचे, पण वाळलेले. हे लिहायचे "कशी आहेस", ती लिहायची "बरी". हे पडवीत उभे राहून तो एक शब्द कितीतरी वेळ वाचत राहायचे. फोन केला तर "कामात आहे बाबा." एकदा हे नाशिकला जाऊन आले. तिने चहा दिला, समोर बसली, डोळ्यांकडे बघितलं नाही म्हणाले.

आणि मग एका संध्याकाळी, सुपात तांदूळ घेऊन बसले होते मी, तर हे समोर येऊन खुर्चीवर बसले. कधी असे बसायचे नाहीत. म्हणाले, "माझं काय चुकलं गं? तुला काही बोलली का ती?"

हेडक्लार्क माणूस. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या त्यांनी, माझ्याही. स्वतःची शोधत होते आणि सापडत नव्हती.

मी तांदळातला खडा काढला नि म्हटलं, "लग्न झाल्या मुली अशाच असतात. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

२००८ साली सुजू त्या घरातून बाहेर पडली. स्वतःची स्वतः. नाशिकातच एक खोली घेतली, एका दवाखान्यात हिशेबाचं नि नोंदींचं काम धरलं, कॉम्प्युटरवर. डाव्या हाताचं मनगट नीट वळत नाही तिचं. ते कधी झालं हे मी विचारलं नाही. मला भीती वाटते की ती वर्ष सांगेल. चार वर्षं आहेत मधली. मी त्या दुपारी वेगळं लिहिलं असतं तर ती चार वर्षं तिने इथे, कलमांखाली, काढली असती. रत्नागिरीला ती तेव्हाही आली नाही. का येईल? बापाने तोडलेलं होतं.

पुढच्या वर्षी हे गेले. ती तिसऱ्या दिवशी आली. रडली नाही. तेराव्यानंतर ह्यांचं कपाट आवरायला बसलो आम्ही दोघी. सदरे काढले, त्यात तो मोबाईल निघाला, चामड्याच्या पाकिटात. सुजूने तो हातात घेतला, बटणांवरून अंगठा फिरवला, आणि एकदम म्हणाली, "आई, मी एकदा बाबांना विचारलं होतं, घरी येऊ का म्हणून. तुला माहीत नाही. त्यांनी काय लिहिलं ठाऊक आहे? येव नको."

मी घडी घालत होते.

"येऊ नकोस असं नाही गं," ती म्हणाली. "ते मी समजू शकले असते. येव नको. काकांना म्हणाले होते तसं. बाबा तसं बोलले म्हणजे पुढे बोलायला काही उरलंच नाही ना? किती राग आला असेल त्यांना माझा. मी काय एवढं केलं होतं?"

तेव्हा मला कळलं. पाच वर्षांनी कळलं. शब्द माझा होता — नाट्याचा, माझ्या तोंडातला, पस्तीस वर्षं दुरुस्त करूनही न गेलेला. रोज ह्या घरात तो कोण बोलतं? मी. आणि माझ्या लेकीच्या मनात क्षणभरही आलं नाही की हा आईचा शब्द आहे. आईला कुठे मोबाईल येतो? तिने तो बापाच्या रागाचा पुरावा म्हणून उराशी धरून ठेवला.

ती माझ्याकडे बघत होती. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. तोंड उघडायचं होतं फक्त.

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "त्यांचा स्वभावच तसा होता."

तेरा दिवस झाले होते त्यांना जाऊन. त्यांचा सदरा माझ्या हातात होता. ज्या माणसाने "माझं काय चुकलं" विचारत शेवटची वर्षं काढली त्याच्या नावावर मी माझं पाप लिहून दिलं, सहीनिशी. ती "हं" म्हणाली. मोबाईल माझ्यापुढे धरला — "ठेवतेस तू?" — आणि स्वतःच हात मागे घेतला. "राहू दे. तुला नाही जमायचं."

नेला तिने तो.

तिला हे सांगणार का, असं विचाराल. तिची फोटोतल्या बाबांकडे पाठ असते, इथे येते तेव्हाही. ती मला औषधं आणते, माझे पाय चेपते. वाईट वाटून घेऊ नका माझ्याबद्दल, आणि माफही करू नका. ते तुमच्याकडे मागायला मी बसलेले नाही.

एवढंच सांगते. मी मोजलंय, लादीवर ओल्या बोटाने कितीदा तरी मोजलंय. येव नको लिहायला त्या मोबाईलवर सतरा वेळा दाबावं लागतं. रागात माणसाचा हात एकदा उठतो, सतरा वेळा कसा उठेल? नऊवर तीनदा, तेव्हा वाय येतो. तीनवर दोनदा, ई. एकूण पाच वेळा. पाच वेळा दाबून झाल्यावर त्या हिरव्या उजेडात दोनच अक्षरं होती, बाकी सगळा पडदा मोकळा.

ये.

मला वाचता येत होतं. मी वाचलं ते. आणि आठवर बोट ठेवलं.